सुरगाण्याची तीन भावंडं तीन ठिकाणी: जिल्ह्याबाहेर ठेवलेल्या मुलांच्या फाइलमागे फिरायचं कोणी?

वणीफाटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातल्या बाल संरक्षणाच्या कामाबद्दल नेमकी माहिती हवी आहे. खालचं उदाहरण जुळवलेलं आहे, कुठल्याही खऱ्या मुलांचं नाही.

सुरगाणा तालुक्यातला पाडा. तीन भावंडं: मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९, धाकटी ५. आई वारली. वडील ऑक्टोबर ते मार्च दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला. घरी आजी, पण तिला दिसतं कमी. १०९८ या बाल मदतवाहिनीवर फोन गेला आणि मुलं बाल कल्याण समितीपुढे हजर केली. आता मोठीला इथल्या मुलींच्या बालगृहात जागा नाही, म्हणून अहिल्यानगर किंवा पुण्याला पाठवायचा विचार. मुलगा नाशकातच. धाकटी सहाच्या आतली म्हणून शिशुगृहात. म्हणजे तीन भावंडं तीन ठिकाणी.

शंका अशा. समिती मुलीला थेट दुसऱ्या जिल्ह्यात ठेवू शकते का, आणि पुढे बदली करायची झाली तर आदेश कोणाचा? मुलगी तिकडे, घर इकडे, मग गृहचौकशी आणि पुढच्या भेटी कोणी करायच्या? तिसरं, जिल्हा बाल संरक्षण कक्षात समाज कार्यकर्ते दोनच. एका माणसाकडे किती फाइली झेपतात हे साहेबांपुढे मांडायचं तर कसं मांडावं?

कलमवाला

उदाहरण जुळवलेलं आहे हे आधीच लिहिलंत ते बरं केलंत. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव न देता गाव, शाळा, इयत्ता आणि आईच्या मृत्यूची तारीख दिली तरी ओळख पटतेच. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेला फोटो तर सरळच आला.

आता कलमांचा घोळ. तुमच्यासारख्या प्रकरणात कलम ९५ लावलेले आदेश बनतात, ते चुकीचं आहे. ९५ उलट दिशेने चालतं: मूल इथे सापडलं पण राहणारं दुसऱ्या जिल्ह्याचं असेल, तर तिथल्या समितीशी बोलून त्याला त्याच्या जिल्ह्यात पाठवण्यासाठी. तुमची मुलगी सुरगाण्याचीच. तिला पहिल्यांदा बालगृहात ठेवण्याचा आदेश कलम ३७ खाली होतो, आणि संस्था निवडताना वय, लिंग, अपंगत्व, गरजा आणि संस्थेतली रिकामी जागा पाहायची हे कलम ३० सांगतं. संस्था जिल्ह्यातलीच हवी असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. पण कलम ३ मधलं तत्त्व आहे की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. त्यामुळे ‘जिल्ह्यात जागा नाही’ एवढं एक वाक्य आदेशात पुरत नाही. कुठल्या संस्थांना कोणत्या तारखेला विचारलं आणि घरचा पर्याय का नाकारला, हे दोन्ही यायला हवं.

एकदा बालगृहात दाखल झाली की पुढची बदली कलम ९६ खाली. त्याच जिल्ह्यात तशाच दुसऱ्या संस्थेत हलवायचं तर समितीचा आदेश चालतो. जिल्हा ओलांडला की समिती फक्त शिफारस करते, आदेश राज्य शासनाचा. म्हणून ‘आत्ता पुण्याला पाठवू, जागा झाली की परत आणू’ हे बोलायला सोपं आहे. परत आणताना समितीचा ठराव, कक्षाचं पत्र, पुढे महिला व बाल विकास आयुक्तालयाकडे प्रस्ताव, एवढा कागद फिरतो.

धाकटीबद्दल एक महत्त्वाचं. शिशुगृहात ठेवलं म्हणजे ती दत्तकासाठी मोकळी झाली असं नाही. वडील जिवंत आहेत, त्यांनी ताबा सोडलेला नाही. कलम ३८ ची प्रक्रिया अनाथ, सोडून दिलेल्या किंवा स्वाधीन केलेल्या मुलांसाठी आहे. आदेशात ‘तात्पुरता निवास, वडील हयात’ असे शब्द हवेतच. नाहीतर मजुरीमुळे वडील चार महिने फिरकले नाहीत की फाइलवर ‘पालक भेटीस येत नाहीत’ असा शेरा पडतो आणि तोच पुढे डोकं वर काढतो.

फाइलीखाली

कामाच्या बोज्याचं लिहितो. ‘काम फार आहे’ असं बोललं की वरून उत्तर येतं, ‘सगळ्यांनाच आहे’. त्यापेक्षा दिवस मोजून दाखवा.

महिन्याचे कामाचे दिवस २२ धरा. समितीपुढे प्रकरणं घेऊन उभं राहणं ५ दिवस. पोर्टलवरच्या नोंदी, मासिक अहवाल, बैठका ४ दिवस. संस्थांच्या तपासणीला सोबत जाणं २ दिवस. उरले ११. सुरगाण्याची एक गृहचौकशी म्हणजे वणीमार्गे एसटीने जायलाच जवळपास तीन तास, त्यापुढे पाड्यापर्यंत मिळेल ते वाहन. एक अख्खा दिवस तिथेच गेला. शाळा, पोलीस पाटील आणि नातेवाइकांचे फोन यांत अर्धा दिवस, नमुना २२ मधला सामाजिक तपासणी अहवाल नीट लिहायला आणखी अर्धा. एकूण दोन दिवस. म्हणजे ११ दिवसांत पाच गृहचौकश्या, आणि तेही काही अडलं नाही तर. कायदा अहवालाला १५ दिवस देतो आणि अंतिम आदेशाला पहिल्या हजेरीपासून चार महिने.

आता यात बाहेरची मुलं घाला. समजा बारा मुलं जिल्ह्याबाहेर आहेत आणि प्रत्येकाला तीन महिन्यांतून एकदा भेटायचं. वर्षाला ४८ भेटी, महिन्याला चार. पुणे दोनशे किलोमीटरच्या वर, अहिल्यानगर दीडशेच्या वर. मूल शाळेतून पाचला येतं आणि परतीची शेवटची गाडी चुकते, त्यामुळे एका भेटीला दिवस पुरला तर नशीब. ११ मधले ४ गेले, उरले ७. पाचाच्या जागी तीन गृहचौकश्या. बारा मुलं बाहेर पाठवली म्हणजे दर महिन्याला नव्याने हजर झालेल्या दोन मुलांचे अहवाल मागे पडले, आणि अहवाल नाही म्हणून तीही मुलं बालगृहात अडकून जागा अडवून बसली. जागा नाही म्हणून पुढचं मूल पुन्हा बाहेर. हे चक्र साहेबांना कागदावर दाखवा.

त्यासाठी एक साधा तक्ता पुरतो. प्रकरण क्रमांक (नाव नको), हजर केल्याची तारीख, त्यापुढे १५ वा दिवस, चार महिने पुरे होण्याची तारीख, घराचं अंतर, संस्थेचं अंतर, शेवटची भेट, पुढची भेट. उलटलेल्या तारखा लाल. प्रलंबित प्रकरणांचा तिमाही अहवाल समितीने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना द्यायचाच असतो (कलम ३६), त्याला हा तक्ता जोडायला सांगा. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी वाढली आहे, त्यामुळे तो कागद तिथे वाचला जातो. फाइलींच्या आकड्यापेक्षा किलोमीटर आणि तारखा जास्त बोलतात. मालेगाव शहरातल्या वीस फाइली आणि सुरगाणा-पेठच्या वीस फाइली सारख्या कशा धरणार?

करंजाळीकर

वरचं सगळं खरं, पण मुलगी बाहेर पाठवायचं ठरण्याआधीचे चार दिवस या उदाहरणात दिसतच नाहीत. काम तिथेच वाचतं.

वडील आहेत, आजी आहे. अडचण पैशाची आणि सहा महिन्यांच्या गैरहजेरीची. एक पालक वारलेल्या मुलाला बालसंगोपन योजना लागू होते, महिना २,२५० रुपये प्रत्येक मुलामागे. तिघांचे ६,७५०. एवढ्यात आजीच्या घरी मावशी किंवा चुलती सोबतीला राहायला तयार होते का, हे विचारलं पाहिजे. (केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व महिना ४,००० चं आहे, पण त्याला उत्पन्नाची अट आहे: ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० पर्यंत. दोन्ही योजना एकाच मुलाला नाहीत.) समिती मुलांना समाज कार्यकर्त्याच्या देखरेखीखाली वडिलांच्या ताब्यात देऊ शकते आणि त्याच दिवशी योजनेचा अर्ज दाखल करून घेऊ शकते.

अर्ज कुठे अडतो ते सांगते. पहिलं म्हणजे आईचा मृत्यू दाखला. घरी मृत्यू झाला आणि २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद नाही झाली, तर उशिराची नोंद करावी लागते. वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. त्यातही दाखल्यावर नाव ‘मंगी’ आणि आधारवर ‘मंगला’ असलं की अर्ज परत. नोंद करतानाच आधार समोर ठेवा. दुसरं, बँक खातं उघडलेलं असतं पण आधारशी जोडलेलं नसतं, मग पैसे मंजूर होऊनही खात्यात पडत नाहीत. बँकेत ‘आधार लिंक आहे का’ विचारू नका, ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलंय का’ असं विचारा, ती वेगळी गोष्ट आहे. तिसरं, घरासमोर पालक आणि मुलं यांचा एकत्र फोटो लागतो. वडील पिंपळगावला बागेत असताना तो कसा निघणार? म्हणून गृहभेटीची वेळ महत्त्वाची. जानेवारीत गेलात तर घराला कुलूप. शिमग्याला माणसं पाड्यावर परततात, पावसाला भात-नागलीसाठी असतातच. मधल्या काळात मुकादमाचा नंबर अंगणवाडी ताईंकडे किंवा किराणा दुकानात मिळतो, आणि वडिलांचा जबाब दिंडोरीत बागेवर जाऊन घेता येतो. ते नाशिकपासून जवळ, सुरगाण्यापेक्षा सोपं.

दुसरा पर्याय आश्रमशाळेचा. सुरगाणा आदिवासी विकास विभागाच्या कळवण प्रकल्पाखाली येतो. १३ वर्षांची आणि ९ वर्षांचा दोघं एकाच शासकीय आश्रमशाळेत राहू शकतात, बोली तीच, आजी चालत येऊन भेटू शकते.

वणीफाटा

@करंजाळीकर, आश्रमशाळेचं डोक्यात होतं, पण दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह बंद. तेव्हा मुलं कुठे?

करंजाळीकर

हीच त्यातली फट. उन्हाळ्यात अडचण कमी, वडील परतलेले असतात. दिवाळी अवघड, कारण द्राक्षाच्या गोडी छाटणीला (फळासाठीच्या) बोलावणं नेमकं तेव्हाच. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी मुलं कोणाकडे राहतील ते नाव आणि फोन नंबर आदेशात आधीच लिहून घ्या: मावशी, मामा, कोणीही, पण समितीपुढे येऊन हमीपत्र दिलेलं माणूस. ‘सुट्टीत बघू’ म्हटलं तर सुट्टीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन येतो आणि मुलगी पुन्हा बालगृहात.

आणि पाच वर्षांची आश्रमशाळेत बसत नाही. ती पहिलीला जाईपर्यंत आजीकडे, दिवसा अंगणवाडीत. आजीला दिसत नाही म्हणजे मोतीबिंदू आहे का ते पाहा. ग्रामीण रुग्णालयातून शस्त्रक्रियेला पाठवता येतं. तीन मुलांना हलवण्यापेक्षा आजीचा डोळा बरा करणं स्वस्त पडतं, हसू नका.

पाचचीघंटा

मुलगी बाहेर जाणारच असेल तर घेणाऱ्या संस्थेच्या बाजूने काय लागतं ते लिहितो, कारण मूल येतं आणि सोबत एक आदेश आणि एक कॅरीबॅग येते, एवढंच.

शाळा सोडल्याचा दाखला नसला तरी नवीन शाळेने प्रवेश नाकारायचा नाही किंवा लांबवायचा नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. पण यू-डायसवर (शाळांच्या सरकारी पोर्टलवर) जुन्या शाळेने तिला सोडल्याची नोंद केल्याशिवाय नवीन शाळेच्या पटावर ती दिसत नाही, आणि पटावर नाही म्हणजे पुस्तकं, गणवेश, परीक्षेची यादी या सगळ्यात ती नाही. म्हणून दाखला आणायला माणूस पाठवू नका, जुन्या मुख्याध्यापकांना फोन करून पोर्टलवर सोडायला सांगा. नववी-दहावीत असेल तर आणखी एक बघा: अहिल्यानगर महसुलासाठी नाशिक विभागात आहे, पण शिक्षण मंडळासाठी पुणे विभागात. नाशिक मंडळाकडे आहेत नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार. त्यामुळे दहावीच्या वर्षात मुलगी धुळ्याला गेली तर विभागीय मंडळ तेच राहतं, अहिल्यानगरला गेली तर बदलतं.

आधारवर मोबाइल नंबर कोणाचा ते विचारा. तो बहुधा वडिलांचा असतो आणि बागेत रेंज नसते, म्हणजे ओटीपी नाही. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदी लागतात, त्या सुरगाण्यातच मिळणार. पुण्यात बसून दाखला निघत नाही. मुलगी निघायच्या आधी त्या नोंदींच्या प्रती काढून फाइलला लावा.

भाषेचं कोणी बोलत नाही. घरात कोकणा बोली, शाळेत मराठी. पुण्यातल्या समुपदेशक ताईंपुढे ती तीन महिने ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलत नाही आणि अहवालात ‘अबोल, प्रतिसाद कमी’ असं पडतं. वैयक्तिक काळजी आराखड्यात (नमुना ७) घरची बोली कोणती, ते पहिल्या पानावर ठळक लिहा.

पोलीस सोबतीबद्दल. मुलगी असेल तर महिला पोलीस लागतेच, आणि मोठा बंदोबस्त लागला की तारखा पुढे जातात. सिंहस्थाचे दिवस आठवून आत्ताच आखणी करा. सकाळी लवकर निघालं पाहिजे. रात्री नऊला संस्थेच्या दारात पोचलेल्या मुलीला जेवण मिळतं, पण तपासणी, सामानाची यादी, ओळख करून देणं सगळं दुसऱ्या दिवशी, आणि पहिली रात्र तिला कोणी काही सांगितलेलंच नसतं.

कलमवाला

@वणीफाटा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. घराची चौकशी घरच्या जिल्ह्याने, म्हणजे तुम्हीच. संस्थेतली भेट तिथल्या जिल्हा कक्षाला करता येते, पण पत्र लिहून सोडून दिलं तर ते आवक नोंदवहीत पडून राहतं. दोन कक्षांच्या मध्ये मूल लोंबकळतं ते इथेच. इकडचे म्हणतात मुलगी तुमच्या हद्दीत, तिकडचे म्हणतात आदेश तुमच्या समितीचा.

उपाय एकच: जबाबदारी पत्रात नको, समितीच्या आदेशात घ्या. साधारण असे शब्द: ‘सदर बालिकेची प्रत्यक्ष भेट जिल्हा बाल संरक्षण कक्ष, अहिल्यानगर यांनी दर महिन्याच्या १० तारखेपूर्वी घेऊन अहवाल या समितीस व नाशिक कक्षास सादर करावा. बालिकेच्या कुटुंबाची गृहभेट नाशिक कक्षाने दर तीन महिन्यांनी करावी. दोन्ही अहवालांवर या समितीपुढे दि. __ रोजी पुनर्विलोकन होईल.’ तारीख रिकामी सोडू नका. आणि प्रत तिकडच्या समितीलाही. आदेश असा असेल तर दहा तारखेनंतर तुम्हाला विनंती करावी लागत नाही, आदेशाचा संदर्भ द्यावा लागतो.

थोडं अवांतर: इंग्लंडमध्ये १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टचं कलम २२सी हेच म्हणतं की मूल शक्यतो आपल्याच स्थानिक प्राधिकरणाच्या हद्दीत, घराजवळ, शाळा न तुटता आणि भावंडांसोबत ठेवावं. हद्दीबाहेर लांब ठेवायचं तर तिथल्या नियमांनुसार बालसेवा विभागाच्या संचालकांची मंजुरी लागते, तिकडच्या प्राधिकरणाला कळवावं लागतं, आणि पहिल्या वर्षी दर सहा आठवड्यांच्या आत भेट व्हावीच लागते. आपल्याकडे असे अडथळे आदेशातच घालून घ्यावे लागतात.

वणीफाटा

धन्यवाद सगळ्यांना. शेवटची शंका. मोठीसाठी बालगृहाऐवजी प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर कुटुंब, नाशकातच बघितलं तर?

फाइलीखाली

चालेल, पण तीन गोष्टी आधी तपासा. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूल सहा वर्षांवरचं हवं, म्हणजे मोठी आणि मधला दोघं बसतात, धाकटी नाही. घेणारं जोडपं असेल तर दोघांचं मिळून वय किमान ७० हवं, एकट्या व्यक्तीलाही चालतं, पण वय किमान ३५ हवं, फक्त एकट्या पुरुषाकडे मुलगी देता येत नाही. कायदा भावंडांना एकत्र ठेवायचा प्रयत्न करा म्हणतो (कलम ४४), त्यामुळे दोघांना घेणारं घर शोधा. दत्तकाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला सुरुवातीलाच सांगा की वडील हयात आहेत, ते भेटायला येणार आणि मुलं परत जाऊ शकतात. हे न सांगता दिलेलं मूल सहा महिन्यांत परत येतं, आणि ते परत येणं बालगृहापेक्षा वाईट.

बोज्याचं गणित इथेही लागतं: फॉस्टर कुटुंबाची तपासणी समितीने दर महिन्याला करायची असते. सिडको किंवा पंचवटीत घर असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. पुण्याच्या तिमाही भेटीपेक्षा वर्षाला दिवस थोडे जास्तच लागतात, पण मुलगी भावासोबत आणि वडिलांपासून एका एसटीच्या अंतरावर.

करंजाळीकर

यातलं काहीही ठरायच्या आधी @वणीफाटा, या आठवड्यात तीन फोन करा: पाड्यावरच्या अंगणवाडी ताई, कळवण प्रकल्प कार्यालय आणि मुकादम. मुकादमाला संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा उचलत नाही.